जुने एंजिन सुरू का होत नाही?

जबलपूर येथे भारतीय सेनेसाठी बांधली गेलेली सहा सिलिंडरांची ‘जोंगा’ गाडी आता तयार होत नाही. तिचे सुटे भाग दुर्मिळ असल्याने तिच्या एंजिनातील दोष अंदाजाने नव्हे, तर क्रमाने शोधावा लागतो.

पेट्रोलवरील एंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : फिरविणारे बळ, वेळेवर पडणारी ठिणगी आणि हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण. स्टार्टर एंजिनास मंदपणे फिरवीत असेल, तर प्रथम बॅटरी व तिच्या अग्रांवरील गंज तपासावा. एंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल सिलिंडरापर्यंत पोहोचत नाही. पंप, गाळणी व कार्बुरेटर पाहावेत. तो ओला असल्यास पेट्रोल येते, परंतु जळत नाही. ठिणगी दुर्बळ असते किंवा पेट्रोल अधिक झालेले असते.

ऋतूचाही विचार करावा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल धरली, की वीज आडवाटेने निसटते. टोपण पुसून कोरडे करावे. कडक उन्हाळ्यात तापलेल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते. तेव्हा एंजिन निवू द्यावे.

एका वेळी एकच भाग बदलावा. तरच दोष नेमका कोठे होता, हे कळते.