गरिबाच्या खात्यांतील कसर

सावकार कर्ज देतांना कसर आधींच कापून घेत असे, हें कर्जत-खालापुराकडील जुन्या घराण्यांस सांगावयास नको. शंभरांचें खत लिहवून घ्यावें आणि कुळाच्या हातीं नव्वद ठेवावे, अशी ती रीत. रीत दुष्ट खरी; पण तींत इतकें तरी सरळ होतें कीं, कापणारा धनको असे व सोसणारा ऋणको असे. आजच्या बँकेच्या बचत खात्यांत हा क्रमच उलटला आहे. खात्यांत पैसे ठेवणारा मनुष्य वस्तुतः बँकेचा धनको. त्याच्याच पैशावर बँक दुसऱ्यास कर्ज देते आणि व्याज मिळविते. असें असतां शिल्लक थोडी उरली म्हणून ऋणकोनें धनकोस दंड करावा, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला ?

दंडाची रक्कम लहानसहान आहे असें कोणी समजूं नये. केंद्रीय अर्थराज्यमंत्री भागवत कराड यांनीं २०२३ च्या ऑगस्टांत राज्यसभेंत दिलेल्या उत्तरावरून, सरकारी बँका व पांच मोठ्या खासगी बँका यांनीं २०१८ पासून खातेदारांकडून ३५,००० कोटींहून अधिक रुपये वसूल केले. पैकीं सुमारें २१,००० कोटी किमान शिल्लक न राखल्याबद्दल, ८,००० कोटींवर एटीएमच्या जादा व्यवहारांबद्दल, आणि ६,००० कोटींवर मोबाइलवरील संदेशांबद्दल. म्हणजे आपला पैसा कापला गेला ही वार्ता कळविण्याचाही पैसा खातेदारानेंच द्यावयाचा ! स्टेट बँकेनें १ एप्रिल २०१७ पासून हा दंड पुन्हां सुरू केला, तेव्हां पहिल्या आठ महिन्यांतच १,७७१ कोटी रुपये जमले. त्या वर्षींच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहींतील तिचा नफा १,५८१ कोटी होता.

आतां आपल्या दोन तालुक्यांकडे वळूं. शिल्लक किती ठेवावयाची हें खातेदाराच्या घरावरून ठरत नाहीं, शाखा कोठें आहे यावरून ठरतें. दहा हजारांहून अधिक व लाखाहून कमी वस्तीचें गांव बँकांच्या भाषेंत ‘निमशहरी’. कर्जत व खोपोली हीं दोन्ही त्याच वर्गांत मोडतात. २०१७ च्या स्टेट बँकेच्या दरांत खेड्यांतील शाखेस १,००० रुपये तर निमशहरी शाखेस २,००० रुपये शिल्लक लागे. डोंगरपायथ्याच्या वाडीवर बँक नाहीं, म्हणून तेथील कातकरी कर्जतच्या शाखेंत येतो. आणि येतो म्हणूनच त्यास दुप्पट दर लागतो. भातकापणी आटोपली कीं यांतील कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने खात्यांत भर पडत नाहीं. इशाऱ्याचा संदेश जातो तो बहुधा बंद पडलेल्या नंबरावर. पुढें एखाद्या योजनेची रक्कम जमा झाली म्हणजे पहिला घांस दंडाचा.

जनधन खात्यांस किमान शिल्लकेची अट नाहीं, हें कोणी दाखवून देईल. पण तीं खातीं तरी कोठें सुरक्षित राहिलीं ? पवई येथील आय. आय. टी.चे प्राध्यापक आशिष दास यांनीं हें प्रकरण चिकाटीनें उजेडांत आणिलें. महिन्यांत चारांहून अधिक वेळां पैसे काढले, अथवा मोबाइलवरून यूपीआयनें दिले, तर स्टेट बँक अशा खात्यांतून दर वेळीं १७ रुपये ७० पैसे कापून घेत असे. यूपीआय व रुपे यांवर असा आकार घेणें योग्य नव्हे, १ जानेवारी २०२० पासून घेतलेली रक्कम परत करावी, असें सरकारनें ३० ऑगस्ट २०२० रोजीं बँकांस कळविलें. दास यांच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें एप्रिल २०१७ पासून अशा रीतीनें २५४ कोटींवर रुपये जमा झाले. त्यांतील सुमारें ९० कोटी परत गेले, १६४ कोटी राहिले. आमच्या मतें या प्रकरणांतील खरी शिकवण परताव्याच्या रीतींत आहे. जे ९० कोटी परतले त्यांसाठीं कोणा मजुरास रजा काढून अर्ज करावा लागला नाहीं. ज्या यंत्रानें कापलें त्यासच कोणाचें किती कापलें हें ठाऊक असतें. मग उरलेल्यांच्या बाबतींत तीच रीत कां नको ?

बँकांचा यावर ठराविक जबाब असतो : आकार सोडले तर मोफत सेवाही बंद करावी लागेल. हीच भीति विलायतेंतही दाखविली गेली. तेथें खात्यांत नसलेली रक्कम उचलली गेली कीं जबर दंड बसे. २००६ च्या सुमारास लोकांनीं तो परत मागण्याचा सपाटा लाविला. खटला वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजीं बँका जिंकल्या. पुढें २०२० च्या एप्रिलांत तेथील नियामकानेंच ते ठराविक दंड बंद केले. तथापि साधें खातें तेथें अद्याप मोफत मिळतें. आपल्याकडेही स्टेट बँकेनें मार्च २०२० मध्यें, कॅनरा बँकेनें जून २०२५ मध्यें, आणि पंजाब नॅशनल व बँक ऑफ बडोदा यांनीं त्याच वर्षींच्या जुलैंत बचत खात्यांवरील हा दंड सोडला. कोणाची पेढी बुडाली नाहीं. उलट ऑगस्ट २०२५ मध्यें आय. सी. आय. सी. आय. बँकेनें शहरांतील नव्या खात्यांस ५०,००० रुपयांची अट घातली आणि ओरड होतांच ती १५,००० वर आणिली.

‘मोफत’ या शब्दानें मात्र आम्ही फसूं नये. भाजीवाल्याच्या गाडीवरील यूपीआयचा खर्च कोणी तरी सोसतोच. २०२४-२५ सालासाठीं लहान व्यवहारांच्या उत्तेजनार्थ सरकारनें १,५०० कोटी रुपये ठेविले, ते करदात्यांचेच. बचत खात्याचा खर्च व्याजांतून निघतो. जून २०२५ मध्यें स्टेट बँकेनें बचतीवरील व्याज अडीच टक्के केलें. दोन हजार वर्षभर ठेवणाऱ्यास पन्नास रुपये मिळावयाचे. आणि त्याच वर्षींच्या मेपासून मोफत मर्यादेपलीकडील एटीएम व्यवहारास २३ रुपयांपर्यंत आकार, वर कर. दोन वेळां जास्त पैसे काढले कीं वर्षाचें व्याज गेलें. खर्च वांटून घ्यावयाचा तर तो ज्याची शिल्लक सर्वांत लहान त्याच्यावर प्रथम कां, याचें उत्तर बँकांनीं द्यावें.

कर्जत, नेरळ व खोपोली येथील व्यापाऱ्यांस एवढेंच सुचवावयाचें आहे. तुमच्या गड्यांची मजुरी ज्या खात्यांत जाते त्याचें पासबुक महिन्यास एकदां भरून आणवा आणि त्यास वाचून दाखवा. दंडापूर्वीं सूचना देऊन महिनाभर मुदत दिली पाहिजे, तुटीच्या प्रमाणांतच आकार घेतला पाहिजे, आणि केवळ दंडामुळें शिल्लक शून्याखालीं जातां कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. साधें बचत खातें मूलभूत खात्यांत बदलून मागतां येतें. मग किमान शिल्लकेची अटच उरत नाहीं. नियमाबाहेर कापलें असल्यास शाखेस लेखी कळवावें, पोंच घ्यावी, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें. तेथें फी पडत नाहीं.