टेकडीवर अडलेले पाणी

टाकीतील पाणी रबरी नळीने बाहेर काढताना ते प्रथम टाकीच्या काठापर्यंत वर चढते आणि मग खाली वाहू लागते. हे चढणे पाहून पुष्कळांची समजूत होते की, पंपावाचून पाणी हव्या त्या उंचीवर नेता येईल. ही समजूत पारखण्यास तीच नळी पुरे. तिचे बाहेरचे तोंड हळूहळू वर उचलावे. ते टाकीतील पाण्याच्या पातळीला आले की धार थांबते. प्रवाहाला लागणारे बळ दोन पातळ्यांमधील फरकातूनच मिळते. वक्रनलिका, म्हणजेच सायफन, पाणी अडथळ्यापलीकडे नेते. उगमाहून उंच जागी ते सोडू शकत नाही.

पण मधला अडथळा तरी किती उंच चालेल? इटलीतील जिनोआ येथे हा प्रश्न प्रत्यक्षच उभा राहिला. सुमारे 21 मीटर उंचीच्या टेकडीवरून वक्रनलिकेने पाणी पलीकडे न्यावयाचे होते. नळ भरून तोंडे उघडली, तो पाणी दोन्ही बाजूंनी खाली ओसरले आणि साधारण निम्म्या उंचीवर येऊन थबकले. जोव्हान्नी बातिस्ता बालियानी याने 1630 साली गॅलिलिओला पत्र पाठवून याचे कारण विचारले.

गॅलिलिओचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. टांगलेली दोरी फार लांब झाली की स्वतःच्याच भाराने तुटते, तसाच पाण्याचा स्तंभही तुटतो, असे त्याने कळविले. बालियानीचे तेवढ्याने समाधान झाले नाही. हवेलाही वजन असते आणि कारण तेथेच शोधावे, असे त्याने त्याच वर्षी उलट लिहिले. टोरिचेलीने 1644 साली वर्णिलेल्या प्रयोगाने हा विचार पक्का झाला. हवेचा दाब पाऱ्याचा सुमारे 76 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. पारा पाण्याच्या 13.6 पट जड. म्हणजे पाणी 10.3 मीटरच! व्यवहारात तेवढीही उंची गाठता येत नाही, कारण दाब उतरताच पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने माथ्यावर साचते आणि धार खंडित होते.

गॅलिलिओची दोरी मात्र अगदीच टाकाऊ नव्हती. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, विरघळलेली हवा आधी काढून टाकलेले पाणी 15 मीटर उंचीच्या वक्रनलिकेतून वाहविण्यात आले. तेथे हवेचा दाब अपुरा होता. पाण्याच्या रेणूंच्या परस्पर आकर्षणाने स्तंभ अखंड राहिला. त्या नळीचेही सुटण्याचे टोक मात्र उगमाच्या पातळीहून खालीच होते.