आधार देणारे नेतृत्व

गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला. आरंभीच्या दिवसांत डॉ. प्रकाश आमटे यांना जंगलात शिकार करून परतणारे माडिया बांधव भेटले. मेलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी शिकाऱ्यांना दूषणे दिली नाहीत. ही शिकार भुकेपोटी आहे, हे ते जाणून होते. धान्य देऊ करून त्यांनी ते पिल्लू मागून घेतले. तेथील प्राण्यांच्या अनाथालयाचा आरंभ असा झाला.

पिल्लाला केवळ दूध हवे असते काय? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या १९५८ च्या प्रयोगांत दूध देणाऱ्या तारेच्या कृत्रिम मातेपेक्षा मऊ कापडाच्या मातेजवळच पिल्ले अधिक काळ राहिली. त्या प्रयोगांतील क्रौर्यावर पुढे टीका झाली, हेही नोंदविले पाहिजे. जॉन बोल्बी व मेरी एन्सवर्थ यांनी मानवी बालकांविषयी असेच मांडले. ज्याला आधाराची खात्री असते, ते मूल निर्धास्तपणे दूर खेळते. खात्री नसलेले मूल चिकटून राहते, किंवा आपली गरजच दडवून टाकते. हा आधार म्हणजे आसक्ती नव्हे. आसक्ती बांधून ठेवते, आधार मोकळे करतो.

हीच वळणे मोठेपणी पेढीवरही दिसतात. चिंताग्रस्त मालक प्रत्येक पावती स्वतः तपासतो आणि तिजोरीची किल्ली मुलाकडे देत नाही. अलिप्त मालकाचा हिशेब चोख असतो, पण उधारी बुडाल्याची बातमी त्याला सर्वांत शेवटी कळते. आश्वस्त मालकाला ती पहिल्याच दिवशी कळते, कारण सांगणाऱ्याला भय नसते. डॅनियल गोलमन यांनी १९९५ च्या ग्रंथात लोकप्रिय केलेली भावनिक बुद्धिमत्ता ती हीच: स्वतःची भावना ओळखणे, तिला आवरणे आणि दुसऱ्याची जाणणे. बालपणीचे वळण अटळ नसते. विश्वासाच्या नात्यांतून ते बदलू शकते.

हेमलकशाला याचे प्रत्यंतर मिळते. नागपूरला शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. प्रकाश यांनी हे काम स्वतः मागितले आणि बाबा आमटे यांनी ते विश्वासाने सोपविले. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या आनंदवनापासून हे ठिकाण सुमारे २५० किलोमीटर दूर. वीज नव्हती, पावसाळ्यात वाट बंद होई. लोक परक्यांना बिचकत. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी माडिया भाषा शिकले, वाट पाहत राहिले आणि विश्वास जडल्यावर रुग्ण येऊ लागले. पुढे १९७६ मध्ये शाळा निघाली. १९९० मध्ये बाबा नर्मदाकाठी राहावयास गेले, तरी हेमलकशाचे काम थांबले नाही.

व्यापारी कुटुंबांनी यातून एक कसोटी घ्यावी. वडीलधारी व्यक्ती महिनाभर गावाला गेली, तर गल्ल्यावर बसलेला मुलगा किंवा सून निर्णय घेते की फोनची वाट पाहते? आणि निर्णय चुकला, तर ते घरी येऊन सांगण्याचे धैर्य तिला असते काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर गादीचा वारसा सुरक्षित आहे.