मंत्रचळावर इलाज असतो



आज कर्जाचा हप्ता, शेळीचा विमा यातलं काही नाही. आज बोलायचंय ते बैठक उठल्यावर, चपला घालता घालता हळू आवाजात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांबद्दल. "ताई, आमची सून दिवसभर हातच धुत असते." "ताई, आमचे मालक रात्री सात-आठ वेळा उठून गॅस बघतात." "ताई, माझ्याच मनात असं काही येतं की सांगायची सोय नाही." सुपा आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर गटाच्या कामाला फिरताना हे तिन्ही प्रश्न आमच्या कानावर आलेत. ऐकायला वेगवेगळे वाटतात, पण तिन्हींच्या मागे एकच आजार असू शकतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ.

या शब्दातच एक जुनी समजूत दडलेली आहे. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाचं डोकं चळतं, अशी. म्हणजे आजारी माणसाकडूनच काहीतरी चुकलं, हे आधीच ठरवून टाकलेलं. शब्द वापरायला हरकत नाही, लोकांना तो कळतो. पण चुकलं कुणाचंच नसतं, एवढं धरून पुढे बोलू.

या आजाराचे दोन भाग असतात. एक, नको असलेला विचार. हाताला घाण लागली, कुलूप नीट लागलं नाही, माझ्या हातून कुणाचं तरी वाईट होईल. विचार आपला आपण येतो, ढकलला तरी जात नाही, आणि छातीत धडधड सुरू होते. दुसरा भाग म्हणजे ती धडधड शांत करायला केलेली कृती. धुणं, तपासणं, मोजणं, तेच तेच विचारणं, मनातल्या मनात नाव घेत राहणं. कृती केली की घटकाभर बरं वाटतं. घोळ इथेच आहे. बरं वाटलं म्हणून मेंदू शिकतो की धुतल्यामुळेच वाचलो, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात धुवायला लावतो. विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो बिघडला की टाकी भरून वाहते तरी मोटार बंद होत नाही, तसं. 'झालं, आता पुरे' हा निरोप मेंदूत नीट पोचत नाही.

स्वच्छता, सोवळं, देवधर्म हे सगळं म्हणजे आजार नव्हे. हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आजीला तसं करून समाधान मिळतं, आणि काम संपलं की ती मोकळी होते. मंत्रचळ असलेल्या बाईला समाधान मिळतच नाही. बहुतेक वेळा तिचं तिलाच कळत असतं की हे जास्त होतंय, तरी थांबता येत नाही. रोज तासाभराहून जास्त वेळ यात जायला लागला, किंवा त्यापायी काम, झोप, नाती बिघडायला लागली, की डॉक्टर आजार धरतात.

आपल्या पारनेर तालुक्यात हा आजार पाण्यापाशी उघडा पडतो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसणाऱ्या घरात एक बाई एका आंघोळीला चार-पाच बादल्या घेते, धुतलेली भांडी परत धुते, पोरं शाळेतून आली की आधी त्यांचे कपडे भिजवते. मग घरात भांडण. सासू म्हणते माज आलाय, नवरा म्हणतो मुद्दाम करते. आमच्या ओळखीतल्या एका सदस्येचे हात साबणाने फाटून रक्त यायचं. तिने त्वचेच्या डॉक्टरांचं मलम महिनोन्‌महिने लावलं, पण ती किती वेळा हात धुते हे तिला कुणी विचारलंच नाही. बैठकीला ती कायम उशिरा यायची, कारण घरातून निघणं हेच दोन तासांचं काम होतं. गटात तिच्यावर दंड बसत होता आणि नाव कमी करायचा विषयही निघाला होता.

दिसणाऱ्या मंत्रचळापेक्षा न दिसणारा जास्त छळतो, असं आमचं मत झालंय. बाळंतिणीच्या मनात येतं, 'माझ्या हातून बाळाला काही झालं तर?' विळी दिसली की अंगावर काटा येतो. ती बाळाला घ्यायचं टाळते, सुऱ्या लपवते, आणि कुणाला सांगितलं तर बाळ काढून घेतील या भीतीने गप्प राहते. कुणाला देवापुढे हात जोडले की घाणेरडे शब्द आठवतात. यावर तज्ज्ञांचं सांगणं असं, की असा विचार नकोसा वाटणं, त्याची भीती वाटणं हीच या आजाराची खूण आहे. ती बाई बाळाच्या जिवाला जपते म्हणूनच त्या विचाराने हादरते. मात्र बाळंतपणानंतर बाई भ्रमात बोलत असेल, कुणाचे तरी आवाज ऐकू येतात म्हणत असेल, झोपच घेत नसेल, विचार तिला खरा आणि योग्यच वाटत असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

किती जणांना होतो हा? 2015-16 साली बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 12 राज्यांत मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या पाहणीत मोठ्या माणसांत हजारी साधारण आठ जणांना ओसीडी आढळला. म्हणजे दोन-तीन हजार वस्तीच्या गावातही दहा-पंधरा जण असू शकतात. सुरुवात बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वयात होते. वही सारखी खोडून पुन्हा लिहिणारं पोर आळशीच असेल असं नाही.

आता तज्ज्ञ काय करतात ते. रक्त तपासून किंवा फोटो काढून हा आजार ठरत नाही, तो बोलण्यातून ठरतो. किती वेळ जातो, किती त्रास होतो, अडवता येतं का, असं विचारून त्याची तीव्रता मोजायची दहा प्रश्नांची एक पट्टी आहे. एकूण गुण 40. उपचार सुरू झाल्यावर तीच पट्टी पुन्हा लावतात, म्हणजे फरक आकड्यात दिसतो.

उपचारांचे दोन रस्ते आहेत, बोलण्या-शिकण्याचा आणि गोळ्यांचा. पुष्कळदा दोन्ही एकत्र चालतात.

पहिल्या रस्त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1966 साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन बायकांवर केलेला उपचार लिहून प्रसिद्ध केला. तोवर हा आजार बरा होत नाही असंच धरलं जायचं. एकीला घाणीची भीती होती, दुसरीला नको त्या विचारांची. त्यांना भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरं जायला लावलं आणि धुण्याची, पुन्हा पुन्हा करण्याची कृती थांबवली. नर्स सोबत असायच्या. दोघींमध्ये फरक पडला. आज जगभर वापरली जाणारी 'भीतीला सामोरं जा आणि कृती रोखा' ही पद्धत तिथूनच वाढली.

हे वाचून कुणी घरी नळ बंद करून सुनेला कोंडू नका! तो उपचार होत नाही, तो छळ होतो. खऱ्या उपचारात बाई स्वतः तयार असते आणि पायऱ्या तीच ठरवते. समुपदेशक तिच्याकडून भीतीची शिडी लिहून घेतात. सर्वांत खाली कमी भीतीची गोष्ट, समजा दाराच्या कडीला हात लावणं. मग एसटीतली दांडी धरणं, मग पैसे मोजणं, वर गेल्यावर गोठ्यातलं काम. कडीला हात लावायचा आणि हात न धुता बसायचं. भीती चढते, नको नको होतं. पण न धुता बसलं तर ती हळूहळू आपली आपण उतरते, आणि तेच रोज केलं तर चढणंही कमी होत जातं. 'धुतलं नाही तरी काही झालं नाही' हे मेंदूला उपदेशाने कळत नाही, असं बसून अनुभवावं लागतं. साधारण आठवड्याला एक याप्रमाणे बारा ते वीस बैठका लागतात, आणि मधल्या दिवसांत घरचा अभ्यास. अवघड आहे, सोपं आहे असं आम्ही सांगणार नाही.

गोळ्यांबद्दल गावात गैरसमज फार. 'झोपेच्या गोळ्या असतात, सवय लागते.' या आजारात मुख्यतः दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारख्या गोळ्या झोपेच्या नाहीत आणि त्यांचं व्यसनही लागत नाही. त्या मेंदूतल्या सिरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल होऊ शकतो. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि नेमकं इथेच घोडं अडतं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या माळ्यावर जातात. बरं वाटल्यावरही निदान वर्षभर, पुष्कळदा त्याहून जास्त काळ त्या चालू ठेवाव्या लागतात. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. दिवस गेले असतील, तसा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते आधीच सांगा.

सगळे जण ठणठणीत होतात असं नाही. पण पुष्कळांचा त्रास इतका कमी होतो की घर, शेत, धंदा पुन्हा सांभाळता येतो.

घरच्यांचं काय? घरची माणसं दोन टोकांना जातात. एक तर रागावतात, नाहीतर तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळे हात-पाय धुवायला लागतात, 'हो गं, गॅस बंद आहे' असं वीस वेळा सांगतात. दुसरं मायेपोटी होतं, पण त्याने आजाराला खतपाणी मिळतं. एकदम थांबू नका, तिच्याशी बोलून कमी करा. विसाऐवजी पाच, मग एक. 'तुला आत्ता भीती वाटतेय हे कळतंय मला' एवढं म्हणून सोबत बसणं पुष्कळ होतं.

अंगारा, उतारा, देवऋषी यात पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. देवाला जायचं तर जरूर जा, पण दवाखाना सोडून नको.

जायचं कुठे? नगरला, म्हणजे अहिल्यानगरला, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. कोणत्या वारी जायचं ते आशाताईंकडून विचारून घ्या, खेप वाया जाणार नाही. लांब जाणं जमत नसेल तर सरकारचा टेलिमानस नंबर आहे, 14416. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फोन फुकट, रात्रंदिवस लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वाट न बघता लगेच लावा. बऱ्याचशा गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

दवाखान्यात जाताना आठवडाभराची नोंद सोबत न्या. कोणता विचार येतो, त्यावर काय करते, दिवसाचा किती वेळ जातो. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, नाहीतर मोबाइलवर बोलून ठेवा. मनातलं वाईट वाटणारं तोंडाने सांगवत नसेल तर कागद नुसता पुढे सरकवला तरी चालतो. डॉक्टरांनी असे विचार शेकडो वेळा ऐकलेले असतात.

वर सांगितलेल्या त्या सदस्येचं नाव गटातून कमी झालं नाही. बैठकीची वेळ सकाळी दहाची दुपारी तीन केली आणि दंड थांबवला. ती आता नगरला महिन्याला जाते, सोबत गटातली एक जण पाळीपाळीने असते.