थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट

थ्री-नॉट-थ्री (.३०३) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट पुढे, काडतुसाच्या लगत अडकत नाही. त्याच्या खुंट्या मागच्या बाजूला आहेत. समकालीन जर्मन माउझरमध्ये त्या पुढे असत, आणि निव्वळ भक्कमपणा पाहिला तर माउझरचीच रचना सरस ठरते. तरीही ब्रिटिश साम्राज्याच्या फौजा दोन्ही महायुद्धे मुख्यतः मागे अडकणाऱ्या बोल्टावर लढल्या, आणि जुन्या लष्करी रायफली जमवणारे व चालवणारे लोक आजही याच बोल्टावर लुब्ध आहेत. मूठ साठ अंश वर वळवली की बोल्ट सुटतो, मागे थोडाच ओढावा लागतो, आणि आतली स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे लोटताना. दस्ता खांद्यावरून न काढता पुढचे काडतूस भरता येते. १९१४ पूर्वीच्या ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या झाडाव्या लागत. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसत. पाच-पाचच्या पट्टीने ती वरून दाबून भरायची.

या यंत्रणेचा जनक जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात, काम केले अमेरिकेत. त्याच्या पेटीवजा मॅगझिनचे पेटंट १८७९ चे. १८८८ मध्ये ब्रिटनने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली; पण कॉर्डाइट हे नवे स्फोटक आल्यावर नळीतल्या मेटफर्डच्या उथळ आट्या भराभर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने खोल, चौकोनी कडांच्या आट्या दिल्या आणि नावातला मेटफर्ड गळाला. १९०७ ची आखूड मार्क तीन आणि दुसऱ्या महायुद्धातली जाड नळीची नंबर चार ही या घराण्याची दोन ठळक रूपे. बाकीच्या उपप्रकारांची वंशावळ संग्राहकांनाच लखलाभ.

पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने मार्क तीन स्वातंत्र्यानंतरही बनवली. जुन्या रायफलींवर ब्रिटिश राजमुकुट आणि राजाची आद्याक्षरे, प्रजासत्ताकाच्या काळातल्या नगांवर अशोकस्तंभाचे सिंह, यंत्र तेच. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने हीच रचना ७.६२ मिमी काडतुसासाठी नव्या पोलादात घडवली. पोलिसांसाठी .४१० च्या बंदुकाही निघाल्या. त्यांत लष्करी काडतूस चालू नये, म्हणजे बंदूक चोरीला गेली तरी चोराची पंचाईत व्हावी, असा त्यामागचा सरकारी हिशेब होता. तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. काडतुसांच्या बाबतीत पुण्याजवळच्या खडकीचे नाव जगभर पोहोचले आहे: १८६९ पासूनच्या तिथल्या दारूगोळा कारखान्यात .३०३ ची काडतुसे बनत, आणि तळावर ‘केएफ’ची अक्षरे असलेली ती काडतुसे परदेशी संग्राहक लगेच ओळखतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी या रायफली मोडीच्या भावाने काढल्या. अमेरिकेत त्या टपालाने घरपोच मिळत, आणि घेणारा बहुधा पुढचे लाकूड कापून त्यांची शिकारी रायफल करून टाकी. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री थांबली. तेव्हा कचरा समजून फेकलेल्या लाकडाला आज भाव आहे, कारण न कापलेली रायफल मिळणे अवघड झाले. मग संग्राहक आकडे तपासतो: मुख्य सांगाड्यावरचा क्रमांक बोल्टाच्या मुठीवर आहे का? नंबर चारच्या दुर्बिणीच्या आवृत्तीत दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मनगटावर ठोकलेला असे. अशा रायफलीला किंमत मोठी येते, म्हणून नकलाही होतात. नवा ठसा जुन्या लाकडावर उठून दिसतो, पण तो ओळखायला सरावाची नजर लागते.

रायफल नुसती भिंतीवर टांगणे बऱ्याच जणांना पटत नाही. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात बिस्ली इथे १८९० पासून राष्ट्रीय नेमबाजी होते, आणि जुन्या सैनिकी रायफलींच्या स्पर्धा तिथे नियमित असतात. मागे अडकणाऱ्या बोल्टाचा एक विचित्र फायदा इथेच दिसतो. गोळी सुटताना रायफलीचा सांगाडा किंचित लवतो आणि नळीचे तोंड वर उचलले जाऊ लागते. मंद गोळीला नळीतून बाहेर पडायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात तोंड आणखी उंचावते, आणि दूरवर ती वेगवान गोळीच्या जवळपासच पडते. त्यामुळे ८०० ते १००० यार्डांवर ली-एनफिल्डच्या गोळ्यांचा पुंजका अनेकदा ताठ माउझरपेक्षा आटोपशीर पडतो. हे सैद्धांतिकदृष्ट्या निकृष्ट रचनेचे यश आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच लवचीकपणाचा भुर्दंड मात्र चालवणाऱ्यावर पडतो. .३०३ चे काडतूस तळाच्या कंगोऱ्यावर टेकते. बोल्टाचे तोंड आणि नळीचा मागचा काठ यांमधली फट ब्रिटिश लष्कराच्या मापाने ०.०६४ ते ०.०७४ इंच असायला हवी. नंबर चारला शून्य ते तीन अशा आकड्यांचे बोल्टाचे पुढचे तुकडे मिळत. फट वाढली की थोडा लांब तुकडा बसवायचा. मार्क तीनला ही सोय नव्हती, तिथे तुकडा कानशीने जुळवावा लागे. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट लावलेली, फट न मोजलेली रायफल झाडली तर पितळ ताणून काडतूस तळापासून तुटू शकते. रिकामे पितळ पुन्हा भरणाऱ्याने ते फक्त मानेपुरतेच दाबावे, नाहीतर ते दोन-चार वापरांतच चिरते.

जुना लष्करी दारूगोळा ही दुसरी डोकेदुखी. त्याच्या टोपीतल्या क्लोरेटमुळे नळीत क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि नळी गंजते. तेलाने क्षार जात नाही. गरम पाणी ओतून नळी कोरडी करावी लागते, मग तेल. दशके साठवलेल्या कॉर्डाइटमध्ये आणखी एक खोड: चाप ओढला तरी आवाज लगेच होत नाही. अशा वेळी नळी निशाण्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. ‘काडतूस फुसके निघाले’ म्हणून बोल्ट लगेच उघडणारा स्वतःचा चेहरा धोक्यात घालतो. जुनी काडतुसे स्वस्त मिळतात म्हणून घेणे हा या छंदातला सर्वांत खोटी काटकसर आहे.

कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली रायफल पुराणवस्तू मानली जाते, पन्नास वर्षे जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना आहे. वापरही देशागणिक वेगळा: कॅनडाच्या उत्तर टोकाला फिरणाऱ्या रेंजर दलाने नंबर चार १९४७ पासून सुमारे सत्तर वर्षे वापरली. भारतात मात्र ती संग्राह्य वस्तू होण्याआधी फार काळ पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती .३०३ होत्या, समोर दहशतवाद्यांच्या हाती एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

.३०३ भारतात निषिद्ध बोअर आहे. सर्वसाधारण परवानाधारकाला ती घेता येत नाही. त्याच्यासाठी ईशापूरने .३१५ ची शिकारी रायफल बनवली. तिचा बोल्ट ली-एनफिल्डच्याच धर्तीचा आहे.