चलच्चित्रातील कालगणित

संगणकावर अ‍ॅनिमेशन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे पहिले काम पाहिले, म्हणजे बहुधा एक गोष्ट चटकन लक्षात येते. आकृती नीटस असते, रंग साजरे असतात, छायाप्रकाशही बऱ्यापैकी साधलेला असतो. परंतु चेंडू पडताना पाण्यात बुडावा तसा संथपणे खाली उतरतो आणि चालणारा मनुष्य जमिनीवरून घसरत गेल्यासारखा दिसतो. विद्यार्थी मग रंग बदलतो, पार्श्वभूमीवर दोन ढग वाढवतो. दोष चित्रात नसून काळात आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चलच्चित्रातील काळ घड्याळाने नव्हे, तर चौकटींनी मोजला जातो. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी, तर भारतीय दूरचित्रवाणीवर परंपरेने २५. कोणत्या कृतीला किती चौकटी द्यावयाच्या, हा सर्वस्वी कर्त्याच्या हातातला निर्णय असतो. आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी मटारच्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले होते. ठराविक अंतराने चौकटी घेत गेल्याने अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. निसर्गाच्या काळाला त्यांनी चौकटींच्या काळात बसविले. संगणकापुढे बसलेला विद्यार्थीही नेमके हेच करीत असतो. मात्र ते त्याच्या ध्यानी येत नाही.

ध्यानी न येण्याचे कारण यंत्राच्या उदारपणात आहे. हाताने चित्रे काढण्याच्या काळी मुख्य चित्रकार हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था रेखाटून देई, आणि मधली चित्रे साहाय्यक काढीत. ती कोठे दाट व कोठे विरळ असावीत याचीही खूण तो करून ठेवी. आता साहाय्यकाची जागा संगणकाने घेतली आहे. पहिल्या चौकटीत चेंडू वर ठेवला, तेराव्या चौकटीत खाली ठेवला, की मधल्या जागा तो आपोआप भरतो. परंतु त्या कशा भरावयाच्या याविषयी त्याचा स्वतःचा एक ठरीव नियम असतो. ‘ब्लेंडर’ या विनामूल्य आज्ञावलीत मुळातली योजना अशी की, वस्तू हळू निघते, मध्ये वेग घेते आणि मुक्कामी पोचताना पुन्हा हळू होते. पडणारा चेंडू जमिनीला भिडण्यापूर्वी कधी मंदावत नाही. उलट तोच त्याच्या कमाल वेगाचा क्षण असतो. पाण्यात बुडाल्याचा भास होतो तो यामुळे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कृतीला एकंदर किती चौकटी, हा एक प्रश्न. त्या चौकटींत अंतर कसे वाटावयाचे, हा दुसरा. गाण्याच्या भाषेत सांगावयाचे तर, मात्रा किती हे ठरले म्हणजे त्या मात्रांत बोल कसे बसवावयाचे हेही ठरले असे नव्हे. सुमारे सव्वा मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ चौकटींत, जमिनीवर येतो. या अवधीचे तीन-तीन चौकटींचे चार भाग पाडले, तर पहिल्या भागात तो सुमारे ८ सेंटिमीटर उतरतो, दुसऱ्यात २३, तिसऱ्यात ३८ आणि चौथ्यात ५४. हे प्रमाण १, ३, ५, ७ असे आहे; गॅलिलिओने शोधलेले हे प्रमाण शाळेच्या पदार्थविज्ञानात आपण शिकतो आणि चित्रकलेच्या तासाला विसरतो. आज्ञावलीतील आलेख उघडून चेंडूची वाट पाहावी. वरच्या टोकाला ती गोलसर आणि जमिनीपाशी अणकुचीदार असली पाहिजे.

चेंडू उसळल्यावर आणखी एक गफलत संभवते. उसळी मूळ उंचीच्या चौथाईइतकी असेल, तर चढण्यास लागणारा वेळ निम्मा, म्हणजे ६ चौकटी, आणि उतरण्यास तेवढाच. नवशिका उंची कमी करतो, पण चौकटी पूर्वीइतक्याच ठेवतो. चेंडूचा फुगा होतो तो तेथे. जड वस्तू दाखवावयाची म्हणून ती वेगाने पाडणे हाही असाच भ्रम होय. हवेचा अडथळा नगण्य असेल, तर लोखंडी गोळा व रबरी चेंडू सारख्याच वेळात खाली येतात. वजन कळते ते आदळल्यानंतर : गोळा जेमतेम उचलला जाऊन स्थिरावतो, चेंडू पुनःपुन्हा उसळत राहतो.

आता घरच्या झोपाळ्याचा विचार करू. त्याच्या कड्या सव्वादोन मीटर लांबीच्या असतील, तर एक पूर्ण हेलकावा सुमारे तीन सेकंद, म्हणजे ७२ चौकटी घेतो. दोन्ही टोकांना तो मंदावतो आणि मध्यावर सर्वांत वेगवान असतो. चेंडूला मारक ठरलेली आज्ञावलीची मूळ योजना येथे मात्र बरीचशी जुळते! यंत्राचा नियम वाईट नसतो. तो कोठे लावावयाचा हे यंत्राला समजत नाही, इतकेच.

वेगाइतकेच महत्त्व थांबण्यालाही आहे. पात्राचा चेहरा बदलला, तर तो वाचावयास प्रेक्षकाला अवधी लागतो. हाताने काढलेले एकच चित्र अर्धा सेकंद तसेच ठेवले तरी खपून जाते. संगणकीय त्रिमित आकृती मात्र अगदी निश्चल राहिली की निष्प्राण वाटते. ‘लक्सो ज्युनिअर’ (१९८६) या दोन दिव्यांच्या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात याकडे लक्ष वेधले होते. अशा थांब्यात मान किंचित झुकत राहावी, हात सूक्ष्म हलत राहावा, हा त्यावरील उपाय.

मनुष्याच्या हालचालींसाठी मात्र पुस्तकी सूत्र फारसे कामास येत नाही. ती कृती स्वतः करून पाहावी, सोबत्याने घड्याळ लावावे, आलेल्या सेकंदांना २४ ने गुणावे. शरीर जो काळ सांगते तो अंदाजाने ठरवलेल्या काळापेक्षा पुष्कळदा कमी निघतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. दृश्य बोजड झाले, की संगणक ते प्रत्यक्षाहून संथ चालवून दाखवतो, आणि विद्यार्थी त्या खोट्या गतीवर विसंबून चौकटी कमी करीत सुटतो. तेव्हा आधी लहान आकारात, रंगछटांशिवाय तुकडा तयार करून तोच पाहावा. सेकंदाला किती चौकटी हेही पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. २४ च्या हिशेबाने रचलेल्या चौकटी ३० च्या गतीने दाखवल्या, तर साराच वेग सव्वापट होतो आणि झोपाळ्यावरची आजी घाईत असल्यासारखी दिसू लागते.