पहिलीच्या बाकावर आठवडाभर

पेडण्याकडच्या एका चर्चच्या शाळेत पहिलीच्या वर्गात आठवडाभर बसून आलो, असे सांगितले की आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. “या वयात पाद्र्यांच्या शाळेत कशाला गेला होतास रे?” असे आमच्या काकूंनी तर तोंडावरच विचारले. त्याचे असे झाले. बडोद्यात माझ्याकडे गाणे शिकलेली एक मुलगी लग्न होऊन गोव्यात गेली. तिचा मुलगा यंदा पहिलीत बसला. “सर, इथल्या टीचर मुलांकडून सूर कसे म्हणवून घेतात ते एकदा येऊन पाहाच,” असा तिचा आग्रह. जूनच्या अखेरीस, धो धो पावसात, मी थिवी स्टेशनावर उतरलो.

काकूंची आठी अगदीच अकारण नव्हती. 1560 साली गोव्यात आलेले इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचे बंद झाले. त्या काळात देव पालखीत घालून नदीपार पळालेल्या घराण्यांच्या आठवणी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. पण पेडणे, डिचोली हे महाल ‘नव्या काबिजादी’तले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगिजांच्या हाती पडले, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून साष्टी-बारदेशाच्या मानाने इथे चर्चे थोडी. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले हिंदू होती. सकाळच्या प्रार्थनेला ती हात जोडून उभी राहत, खिस्ती मुले खुरीस काढीत, आणि कोणी कोणाकडे पाहत नसे. मुलाला पोचवायला आलेल्या एका आजीला मी भीत भीत विचारले, तर ती हसून म्हणाली, “ताका आरतीय येता आनी मागणेंय येता.”

शाळा इंग्रजी. 1990 साली सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांपुरते ठेवले तेव्हा चर्चच्या शाळा कोकणीकडे वळल्या, आणि 2011 साली इंग्रजीलाही अनुदान मिळू लागताच बहुतेक माघारी फिरल्या. मला हे फारसे रुचलेले नाही. मुले पाटीवर ‘वन, टू’ लिहितात आणि चिंचोके मोजताना ‘एक, दोन’ म्हणतात, यातच काय ते आले.

टीचर साष्टीच्या. तिकडे प्रत्येक चर्चला जोडून पूर्वी पॅरिश शाळा असे. तिथला गुरुजी, म्हणजे ‘मेस्त’, मुलांना अक्षरांबरोबरच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याची इतकी माणसे आली ती याच बाकांवरून. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशाच एका चर्चच्या गायनप्रमुखाचे चिरंजीव. आपल्याकडेही सयाजीरावांनी 1886 साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, मौलाबक्षांनी स्वरलिपी केली, आणि 1906 पासून शिक्षण सबंध राज्यात सक्तीचे झाले. पण आमच्या घरात मात्र चीज ही तिजोरीतली वस्तू राहिली. माझे वडील पोरवयात, संस्थान विलीन होण्याआधीच्या शेवटच्या वर्षांत, दरबारच्या कलावंत कारखान्यात तानपुऱ्याला बसत. मी सहा वर्षांचा असताना त्यांनी एकदाच माझा ‘सा’ ऐकला आणि म्हणाले, “याला सूर नाही.” पुढची चार वर्षे मी घरात तोंड उघडले नाही.

त्या आठवड्यातच सांजांव होता. 24 जूनला संत योहानाचा सण. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून लोक विहिरींत उड्या टाकतात. वर्गातही कोपेले आली, घुमट आला, ‘व्हीवा सांजांव’चा गलका झाला. टीचरांना मी सांगितले, तुमचे सूर या संताच्याच नावाने आले आहेत. अकराव्या शतकातल्या ग्विदो नावाच्या इटालियन साधूने योहानाचे एक लॅटिन स्तोत्र घेतले. त्याच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक सूर वर सुरू होते. त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून सुरांना नावे पडली. पुढे पहिल्या ‘उत’चा ‘डो’ झाला. आपला ‘सा’ही षड्जाचे पहिले अक्षरच की! टीचर म्हणाल्या, “हें म्हाका खबर नासलें.” आणि लगेच मुलांना म्हणून दाखवले.

पण मी ज्यासाठी गेलो होतो ते सोमवारीच पाहिले होते. शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, सगळे सूर एकाच सुरात म्हणणारा. मी मनात म्हटले, याला सूर नाही. टीचर त्याच्याजवळ गेल्या, त्याचा तो एकच सूर ऐकला, आणि सगळ्या वर्गाला म्हणाल्या, आज ‘डो’ इथे आहे. तीस पोरे आपली पट्टी सोडून त्याच्या पट्टीला आली. पोरगा चमकून इकडे तिकडे पाहू लागला. असे रोज. गुरुवारी तो बाकावर सुंवारीचा ठेका वाजवीत होता. शनिवारी ‘रे’वर चढला, तोही थोडा उतरलेलाच.

‘सा’ कुठेही धरता येतो, हे मी गेली वीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. मुलाने जिथे धरला तिथे मात्र मी कधी गेलो नव्हतो. गेल्या वर्षी सहा वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. मी तिला एकदाच ऐकले आणि वडिलांचेच शब्द तिच्या आईला ऐकवले. बिचाऱ्या आईने वर आभार मानले होते.

परवा पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. आई संकोचली, मुलगी दाराआड. बऱ्याच वेळाने ती पुढे आली. “काहीही म्हण,” म्हटले, तर ती नुसती “हूं” करून थांबली. पेटीवर शोधून पाहिले. काळी पाचच्या आसपास होते. तानपुरा बरोबर नेला होताच. तो तिथे लावायला घेतला.